गमी घरी नेण्यापूर्वी एवढं वाचा

नमस्कार. गमी म्हणजे कॅनॅबिसचा, म्हणजे गांजा-भांगेच्या झाडाचा, अर्क घातलेली चघळायची गोड गोळी. ती विकणारं कॅलिफोर्नियातलं आमचं दुकान छोटं असलं तरी रीतसर परवान्याचं आहे. परवाना समोरच्या भिंतीवर लावलाय. त्यावरचा क्रमांक राज्याच्या कॅनॅबिस नियंत्रण खात्याच्या वेबसाइटवर टाकून पाहा. आमचाच असं नाही, जिथून घ्याल तिथला तपासा. परवान्याच्या दुकानातल्या प्रत्येक खेपेची स्वतंत्र प्रयोगशाळेत कीटकनाशकं, शिसं-पारा, बुरशीचं विष यांसाठी तपासणी झालेली असते. चोरट्या दुकानातल्या स्वस्त पाकिटामागे यातलं काहीच नसतं.

पाकिटावर त्रिकोणात पान, उद्गारचिन्ह आणि 'सीए' ही अक्षरं शोधा. नियमाप्रमाणे एका मात्रेत जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी (नशा आणणारा घटक) आणि अख्ख्या पाकिटात १००. पहिल्यांदाच घेणार असाल, तर १० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव तुकडा कापून घ्या आणि दोन तास थांबा. होळीला भांग प्यायलेल्यांना हे ठाऊक आहे, ती उशिरा चढते. अर्ध्या तासात काही वाटलं नाही म्हणून दुसरी गोळी तोंडात टाकली, की दोन्ही मिळून अंगावर येतात. शाकाहारी असाल तर घटकांत जिलेटिन (प्राण्यांपासूनचं) आहे की पेक्टिन (फळांपासूनचं), तेही वाचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या एका ग्राहकाच्या आईंनी, पुण्याहून आल्या होत्या बिचाऱ्या, फ्रिजमधल्या वाटीतली गमी लिमलेटची गोळी समजून खाल्ली. रात्रभर छातीत धडधड आणि घरच्यांच्या जिवाला घोर. पाकीट मुलांना उघडता येऊ नये असंच बनवलेलं असतं. गोळ्या त्यातून वाटीत काढल्या, की ती सगळी काळजी वाया जाते. मूळ पाकिटातच ठेवा, कपाटाला कुलूप लावा आणि घरी आलेल्या आई-बाबांना स्पष्ट सांगा. लाजू नका.

२१ वर्षं पूर्ण असल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय आम्ही विकत नाही. पण एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असाल, तर आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. राज्याने दिलेली मुभा केंद्राच्या कायद्यात नाही, आणि सेवन केल्याची नुसती कबुलीसुद्धा व्हिसा वा नागरिकत्वाच्या आड येऊ शकते. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण हे सांगितल्याशिवाय आम्ही पाकीट हातात देत नाही. भारतात जाताना बॅगेत एकही गोळी नको. तिथे १९८५चा अंमली पदार्थांचा कायदा लागतो.

मुलाने चुकून खाल्ली तर लक्षणांची वाट पाहू नका. विषबाधा मदत केंद्र: १-८००-२२२-१२२२. श्वास मंदावला किंवा मूल जागं होत नसेल, तर थेट ९११.