डॅकच्या पायऱ्या कानापर्यंत येतच नाहीत

नाशिकच्या गंगापूर रोडवर राहणाऱ्या एका रसिक मित्राने परवा विचारलं, "लाखभराचा डॅक आहे, तीन लाखांचा घेऊ का? डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो, महागड्या डॅकमध्ये त्या बारीक होतात म्हणे." डॅक म्हणजे डिजिटल आकड्यांपासून आवाजाची लहर बनवणारं यंत्र. त्याच्या पायऱ्यांचा हा समज फार पसरलाय, आणि तो चुकीचा आहे.

सीडीवर दर सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने, म्हणजे लहरीची मोजून घेतलेली उंची, असतात. त्या आकड्यांपासून डॅक पुन्हा सलग लहर बनवतो. पण दोन नमुन्यांच्या मधलं काय? रांगोळीत त्याच ठिपक्यांतून दहा नक्षी निघतात. इथे मात्र एक अट आहे: आवाजात 22,050 हर्ट्‌झ (सेकंदाला कंपनं) किंवा त्यावरचं काहीही नको. ती पाळली की सगळ्या ठिपक्यांतून जाणारी लहर एकच निघते. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1949 साली हे गणिताने दाखवलं. तरुण, निरोगी कान फार तर 20,000 हर्ट्‌झपर्यंत ऐकतो.

मग पायऱ्या? 1,000 हर्ट्‌झचा शुद्ध सूर घ्या. प्रत्येक नमुना पुढचा येईपर्यंत तसाच धरून ठेवला तर पायऱ्या दिसतात खऱ्या. पण त्यांचे कोपरे कशाचे बनलेत? 43,100, 45,100 अशा, 44,100च्या पटींच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या सुरांचे. ते गाळले की उरतो गुळगुळीत 1,000 हर्ट्‌झ. अडचण फिल्टरची: 20,000पर्यंत काही अडवायचं नाही आणि 22,050ला सगळं बंद. म्हणून डॅक आधी गणिताने मधले नमुने काढतो. आठपट केले की दर 3,52,800 होतो, नको असलेले सूर तिकडे वर सरकतात आणि शेवटी साधा फिल्टर पुरतो. सीडीवरचा प्रत्येक आकडा 16 बिटचा असतो (बिट जास्त तितका आकडा बारकाईचा), पण फिलिप्सच्या सुरुवातीच्या सीडी प्लेअरमध्ये चिप 14 बिटचीच होती. चौपट नमुने घेऊन, आकडा छाटताना राहिलेली चूक पुढच्या नमुन्यात वळती करून त्यांनी गोंगाट ऐकू न येणाऱ्या पट्ट्यात ढकलला आणि 16 बिटचं काम काढलं. ही युक्ती मला आजही थक्क करते.

आज काही हजारांचा चांगला डॅकही हे काम कानाला फरक कळू नये इतक्या अचूकपणे करतो. पण मूळ ध्वनिमुद्रणातला दोष महागडा डॅकही घालवत नाही. नाशिकमध्ये जन्मलेले गायक पं. द. वि. पलुस्कर 1955 साली गेले. त्यांच्या जुन्या तबकड्यांची खरखर कोणताही डॅक काढू शकत नाही. डॅकखाली ठेवायचे खास दगड आणि हजारो रुपयांची यूएसबी केबल यांत तर विज्ञान नाहीच, ती अंधश्रद्धा आहे.

तरी दुकानात फरक ऐकू येतो, कारण बरेचदा नवा डॅक एक्सएलआर (तीन पिनांच्या) केबलने जोडलेला असतो. त्यातून साधारण 4 व्होल्ट येतात, नेहमीच्या आरसीए केबलमधून 2. म्हणजे 6 डेसिबल जास्त, आणि मोठा आवाज कानाला सरस वाटतोच. म्हणून घरी 60 हर्ट्‌झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटर धरा, दोन्ही डॅकचे व्होल्ट एक टक्क्याच्या आत जुळवा आणि अदलाबदल दुसऱ्याला करू द्या. कोणता चालू आहे ते माहीत नसताना वीसपैकी पंधरा वेळा बरोबर ओळखलात, तरच पैसे काढा.

जुन्या डॅकमध्ये घरघर असेल किंवा हवं ते इनपुट नसेल, तर बदलायला हरकत नाही. एरवी टाइल्सची फरशी आणि काचेच्या खिडक्या असलेल्या दिवाणखान्यात जाड सतरंजी, पडदे आणि स्पीकरची जागा यांनी जो फरक पडतो, तो मापून दाखवता येतो. तीन लाखांतले निम्मेही त्याला लागणार नाहीत.