अक्षरसंचावरून इंग्रजी शब्दशोध

ठरावीक अक्षरे ज्यांच्या स्पेलिंगमध्ये आहेत असे इंग्रजी शब्द हुडकून काढण्याची रीत. स्क्रॅबल, शब्दकोडी, वर्डल यांत ती लागतेच; पण खेळायला पट हवाच असे नाही. इंदुरात सिग्नलला थांबलेल्या गाडीची नंबरप्लेटही पुरते. समजा 'एम पी ०९' च्या पुढे 'सी टी' आहे. एम, पी, सी, टी ही चारही अक्षरे असलेला शब्द दिवा हिरवा व्हायच्या आत सांगायचा. 'कॉम्प्युटर' चालतो, 'कम्प्लीट'ही चालतो. अक्षरे प्लेटवरच्याच क्रमाने हवीत असे ठरले, तर हे दोन्ही बाद. 'इम्पॅक्ट' आणि 'कॉम्पॅक्ट' मात्र टिकतात.

निम्मे वाद असेच, नेमके काय शोधायचे ते न ठरवल्यामुळे होतात. शहराचेच स्पेलिंग घ्या: आय-एन-डी-ओ-आर-ई. सहा अक्षरे, दुबार एकही नाही. सगळी वापरायची आणि एकही शिल्लक ठेवायचे नाही, तर 'आयर्न्ड' (इस्त्री केलेला) मिळतो. त्यातली हवी तेवढीच घ्यायची असतील तर ड्रोन, डायनर, नोड, राइड अशी बरीच रांग लागते. सहाही हवीत, वर आणखी आली तरी हरकत नाही, असे असेल तर 'कन्सिडर', 'ऑर्डेन्ड', 'इंट्रोड्यूस'. आणि सहाही याच क्रमाने हवीत म्हटले की 'इंडोर्स'. हे 'एन्डोर्स'चे जुने स्पेलिंग. रोजच्या इंग्रजीतून ते मागे पडले, तरी आपल्याकडच्या चेक-हुंडीच्या १८८१ च्या कायद्यात अजून तेच आहे.

हाताने शोधायचे तर लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे बोटभर चौकोन कापून एकेकावर एकेक अक्षर लिहावे. वहीत लिहून खोडत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरे, कारण अक्षरे हलवता येतात. ती ओळीने मांडू नयेत, गोलात मांडावीत. ओळीत मांडली की मूळ शब्दच पुन्हापुन्हा वाचला जातो. मग स्वर एका बाजूला काढावेत आणि नेहमीची शेपटे आहेत का ते पाहावे: ई-डी, ई-आर, आय-एन-जी, नुसता एस. वरच्या सहांतून ई-डी बाजूला ठेवले की आय, एन, ओ, आर उरतात आणि 'आयर्न' समोरच दिसतो. ई-आर काढून ठेवले तर डी-आय-एन जोडून 'डायनर' होतो, ओ तेवढा उरतो. एकेक मांडणी तपासत जाण्यात अर्थ नाही: सहा अक्षरांच्या ७२० मांडण्या होतात, सातांच्या ५०४०.

'ही अक्षरे असलेला शब्द' शोधताना सुरुवात सर्वांत दुर्मीळ अक्षरापासून करावी. स्क्रॅबलच्या १०० सोंगट्यांत ई १२ आहेत. जे, के, क्यू, एक्स, झेड एकेकच. क्यू असला की बहुतेक वेळा यू लागतो, पण नेहमीच नाही. 'कव्वाली'चे इंग्रजी स्पेलिंग क्यूने सुरू होते आणि त्यात यू नाही.

मराठी माणूस अडतो तो कानामुळे. आपले अक्षर स्वर पोटात घेऊनच येते: 'रवा' उलटला की 'वार' होतो, 'र' आणि 'वा' तसेच ऐकू येतात. 'इंदोर' आणि 'आयर्न्ड' यांत कानाला पटेल असे काही नाही. के आणि एन दिले तर 'नाइफ' सुचत नाही, कारण त्यातला के बोलतच नाही. एफ मागितला की 'फोन' सांगितला जातो, तिथे असतात पी-एच. व्ही आणि डब्ल्यू आपल्याला दोन्ही 'व'च. सी कधी 'स', कधी 'क'. म्हणून शब्द उच्चारून न पाहता मनात त्याचे स्पेलिंग म्हणावे.

दुसरी चूक मोजणीची. बडोद्याच्या जुन्या स्पेलिंगमध्ये, बी-ए-आर-ओ-डी-ए, ए दोनदा आहे. एकच धरला तर गाडी 'ब्रॉड'वर थांबते. दुसरा पुढे लावला की सहाही अक्षरांचा 'अब्रॉड' होतो. उलटही होते. 'इनडोअर' इंदूरमधूनच निघाला असे वाटते, पण त्यात ओ दोन आहेत आणि ई नाही. 'डिनर'मध्येही एन दोन, म्हणून तोही बाद.

संगणकावर ओळीला एक शब्द असलेली साधी यादी पुरते. प्रत्येक शब्दाची अक्षरे एबीसीडीच्या क्रमाने लावून ती त्याची खूण म्हणून ठेवायची. 'आयर्न्ड'ची खूण डी-ई-आय-एन-ओ-आर, इंदूरची तीच. खुणा जुळल्या की शब्द सापडला. 'ही अक्षरे असलेला' या प्रकाराला ग्रेप (grep, यादीतून जुळणाऱ्या ओळी शोधून देणारी) ही आज्ञा पुरते, दर अक्षराला एकदा, आधीच्या निकालावर चालवायची; क्रम हवा असेल तर दोन अक्षरांमध्ये टिंब आणि तारा (.*, म्हणजे मध्ये काहीही चालेल) टाकायचा. मात्र 'फक्त या सहांपैकी' एवढीच अट घातली तर 'डिनर' आणि 'इनडोअर' दोन्ही आत येतात. दुबार अक्षरे वेगळी मोजावीच लागतात. यादी विंडोजमधली असेल तर ओळीच्या शेवटी एक न दिसणारे चिन्ह असू शकते; मग 'डीने संपणारे' शब्द मागितले तर एकही मिळत नाही. कॅपिटल अक्षरे आधी स्मॉल करून घ्यावीत. यादी अमेरिकन असेल तर 'कलर'मध्ये यू सापडणार नाही, आपल्या शाळांत मात्र तो लिहायला शिकवतात.

कोणता कोश प्रमाण मानायचा ते चिठ्ठ्या मांडण्याआधी ठरवावे. इंदूरच्या सहाही अक्षरांचा 'डिनेरो' (स्पॅनिशमधून आलेला, अर्थ पैसा) स्क्रॅबलच्या यादीत आहे. शाळेच्या दप्तरातल्या छोट्या कोशात तो बहुधा मिळणार नाही.