पळू नका, आधी बसा! भूकंपाच्या पहिल्या दहा सेकंदांचं गणित

शाळेतल्या भूकंपाच्या रंगीत तालमीचे फोटो पाहिलेत? घंटा वाजते, मुलं डोक्यावर दप्तर धरून जिन्यावरून धडाधड खाली येतात आणि प्रमुख पाहुणे घड्याळात बघून जाहीर करतात की अख्खी शाळा दोन-तीन मिनिटांत रिकामी झाली. टाळ्या, मग अल्पोपाहार. आगीचा सराव म्हणून हे उत्तमच आहे. पण भूकंपात जमीन हलत असताना जिन्यावर असणं म्हणजे नको त्या वेळी नको त्या जागी असणं. जोराच्या हादऱ्यात दोन पावलं धड टाकता येत नाहीत, तिथे पायऱ्या काय उतरणार?

पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून लहान-लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ रिश्टरचा धक्का बसला आणि दोन वर्षांची एक मुलगी दगावली. घर तिच्या अंगावर पडलं नव्हतं. बाहेर पळण्याच्या गडबडीत ती पडली आणि डोकं दगडावर आपटलं. तेव्हा भूकंपाच्या सरावात आधी शिकायचं ते न पळणं. त्याचं कारण जमिनीतून येणाऱ्या दोन लहरींमध्ये आहे, आणि मला तरी भूकंपशास्त्रातला हाच भाग सगळ्यात देखणा वाटतो.

खडक तुटतो तेव्हा तिथून दोन प्रकारच्या लहरी निघतात. वर्गातल्या मुलांना खांद्यावर हात ठेवून एका रांगेत उभं करा. शेवटच्या मुलाला मागून हलकेच ढकललं, तर तो धक्का मुलामुलांतून पुढे सरकत पहिल्यापर्यंत पोहोचतो. ही ‘पी’ लहर. लहर ज्या दिशेने जाते, कण त्याच दिशेत पुढे-मागे होतात. आता शेवटच्या मुलाला डावी-उजवीकडे हलवा. रांगेतून नागमोडी हेलकावा पुढे जाईल. ही ‘एस’ लहर, म्हणजे कण आडवे हलतात आणि लहर पुढे जाते.

भूकवचातल्या खडकात पी लहर सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते, एस साधारण साडेतीन. असं का? लहरीचा वेग ठरतो तो खडकाचा ताठपणा भागिले घनता, यांच्या वर्गमूळाने. घनता दोघींना सारखीच. पण एस लहर खडकाचा फक्त आकार तिरका करते, म्हणून तिला फक्त कातर-ताठपणा (त्याला μ म्हणू) उपयोगी पडतो. पी लहर आकारही बदलते आणि आकारमानही दाबते, म्हणून तिच्या वाट्याला दाबाविरुद्धचा ताठपणा K आणि त्यावर μ चा चार-तृतीयांश भाग, असं दोन्ही येतं. नेहमीच्या खडकांत K ची किंमत μ च्या सुमारे पाच-तृतीयांश असते. बेरीज केली की ३μ. म्हणून पीचा वेग एसच्या √३ पट, म्हणजे सुमारे १.७ पट! द्रवाचा आकार तिरका करायला ताकदच लागत नाही, तिथे μ शून्य, म्हणून एस लहर द्रवातून जातच नाही. पृथ्वीचा बाह्य गाभा द्रवरूप आहे हे आपल्याला त्यावरूनच कळलं. पण ते असो, आपण सरावाकडे येऊ.

एक किलोमीटर जायला पीला १/६ सेकंद लागतो, एसला १/३.५. वजाबाकी केली तर दर किलोमीटरमागे ०.१२ सेकंदाचं अंतर पडतं, म्हणजे दर आठ किलोमीटरला साधारण एक सेकंद. पी लहरीत खिडक्यांची तावदानं थरथरतात, भांडी वाजतात, कुत्री भुंकतात. खरं नुकसान करते ती मागून येणारी एस, कारण ती जोरकस असते आणि जमीन आडवी हलवते. भिंती वरून येणारं वजन पेलायला बांधलेल्या असतात, बाजूचा धक्का खायला नव्हे.

आता हिशोब मांडा. कोयना परिसरात मोठा भूकंप झाला तर सव्वाशे किलोमीटरवरच्या पुण्याला दोन लहरींमध्ये पंधरा सेकंद मिळतील. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात लातूर शहर चाळीसेक किलोमीटरवर होतं, म्हणजे पाच सेकंद. आणि खुद्द किल्लारीत? भूकंपाचं केंद्र उथळ आणि पायाखालीच, तेव्हा जेमतेम एक सेकंद. डहाणूतही तेच. एवढ्या वेळात पहिल्या मजल्यावरून खाली उतरणं शक्य नाही. बसून टेबलाखाली शिरणं शक्य आहे, पण विचार करत बसलं नाही तरच. ती सवय अंगात मुरवायची म्हणून सराव.

खाली बसा, डोकं-मान झाका, घट्ट धरा, असं तीन शब्दांत शिकवतात. त्यातलं तिसरं मुलं हमखास विसरतात. टेबलाचा पाय धरायचा तो आधारासाठी नव्हे. जमीन हलते तसं टेबल फरशीवर सरकत जातं आणि डोकं उघडं पडतं. पाय धरला असेल तर आपण टेबलासोबत सरकतो. सराव घेताना दोन मोठ्या मुलांना टेबल मुद्दाम ओढायला सांगा, एका फेरीत सगळ्यांच्या लक्षात येईल.

मेक्सिको सिटीत हाच हिशोब वेगळा निघतो. तिथे मोठे भूकंप बरेचदा पॅसिफिक किनाऱ्याजवळ, तीनशे किलोमीटरवर होतात. किनाऱ्यावरची यंत्रं लहर पकडून रेडिओने इशारा देतात आणि शहराला मिनिटभर मिळतो. म्हणून तिथला सराव इमारतीबाहेर पडण्याचा. १९८५ च्या भूकंपाच्या स्मरणार्थ दर १९ सप्टेंबरला तो होतो. २०१७ मध्ये तो सकाळी ११ वाजता झाला आणि त्याच दिवशी दुपारी सव्वाच्या सुमारास खरा भूकंप आला. पण तो सव्वाशे किलोमीटरच्या आतला होता. भोंगा वाजला तेव्हा जमीन जवळजवळ हलायला लागली होती. अँड्रॉइड फोनवर आता भारतातही येणारा भूकंपाचा इशारा याच तत्त्वावर चालतो, आणि केंद्राजवळच्यांना तो वेळेत मिळणं अवघड, ही मर्यादाही तीच.

इशारा म्हणजे भाकीत नव्हे, एवढं ध्यानात ठेवा. इशारा येतो तेव्हा भूकंप होऊन गेलेला असतो, लहर वाटेत असते. ‘आज रात्री एक ते चार, नासाचा इशारा’ किंवा ‘ग्रहांच्या युतीमुळे धोका’ असले व्हॉट्सॲप संदेश सरळ पुसून टाका. तारीख, वेळ, ठिकाण सांगणारी पद्धत जगात कुणाकडेही नाही. दाराच्या चौकटीत उभं राहायचा सल्लाही तसाच जुनाट.

एक गोष्ट मात्र सरावाचे उत्साही आयोजक टाळतात. किल्लारीतली बहुतेक घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि माळवदाची होती, वर मातीचा जडशीळ थर. अशा घरात टेबलाचा काय उपयोग? तिथे खरी सुरक्षा म्हणजे भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या दोन थरांना जोडणारे आरपार दगड आणि हलकं छप्पर. दार दोन पावलांवर आणि समोर मोकळी जागा असेल तर त्या घरातून बाहेर पडणंच शहाणपणाचं. समोर गल्ली असेल तर नाही. २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला तेव्हा गुजरातमधल्या अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीतली शाळकरी मुलं बाहेरच होती, पण अरुंद गल्लीत. दोन्ही बाजूंची घरं त्यांच्यावर कोसळली. म्हणून सराव गावागणिक आणि गल्लीगणिक ठरवायला हवा, तालुक्याहून आलेला एकच कागद वाचून नव्हे. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे, पहार-फावडी कुणाकडे आहेत, हे गावालाच माहीत असतं. १९९५ च्या जपानमधल्या कोबेच्या भूकंपात ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच काढलं.

आणि सराव सकाळी अकरालाच का? कोयना १९६७, पहाटे ४:२१. किल्लारी, पहाटे ३:५६. कोबे, पहाटे ५:४६. भूकंपाला पहाट आवडते असं नाही, भूजचा तर सकाळी पावणेनऊला झाला. पण दिवसाचा तिसरा हिस्सा आपण अंथरुणात असतो, आणि त्याची तालीम कुणीच घेत नाही. पलंगावर असाल तर उठू नका, पालथे व्हा आणि उशी डोक्यावर धरा. हादरा थांबल्यावर अंधारात अनवाणी पाय टाकले की काचा घुसतात, म्हणून चपला आणि बॅटरी पिशवीत घालून ती पलंगाच्या पायाला बांधून ठेवा. नुसतं खाली ठेवलेलं सगळं खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेलेलं असतं.