सायक्लोडेक्स्ट्रिन व औषधवहन

स्टार्चवर काही जीवाणूंच्या एंझाइमाची क्रिया होऊन मिळणारी, ग्लुकोज एककांची वलयाकार संयुगे. सहा, सात व आठ एककांच्या वलयांना अनुक्रमे आल्फा, बीटा व गॅमा सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणतात. रेणूचा आकार एका बाजूस निमुळत्या, बिनबुडाच्या पेल्यासारखा असतो. हायड्रॉक्सिल (-OH) गट दोन्ही काठांवर असल्याने तो बाहेरून जलस्नेही, तर आतील पोकळी जलविरोधी असते. पाण्यात सहजी न विरघळणाऱ्या औषधाचा रेणू वा त्याचा काही भाग या पोकळीत शिरला की त्याची विद्राव्यता वाढते.

शोधाचे श्रेय कोणाला, यावर मतभेद आहेत. फ्रान्समध्ये व्हिलिए यांनी १८९१ मध्ये जीवाणूंच्या साहाय्याने स्टार्चपासून अल्प प्रमाणात स्फटिकी पदार्थ मिळवला आणि सेल्युलोजशी दिसलेल्या साम्यावरून त्याला ‘सेल्युलोसीन’ म्हटले. त्यांचे जीवाणूसंवर्धन शुद्ध नसावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ऑस्ट्रियातील शार्डिंगर यांनी १९०३ पासूनच्या कामात बॅसिलस मॅसेरन्स हा जीवाणू वेगळा केला आणि आयोडिनाशी होणाऱ्या संयुगांवरून आल्फा व बीटा हे प्रकार ओळखले. पदार्थ प्रथम व्हिलिए यांच्या हाती लागला, पण विषयाचा पाया शार्डिंगर यांनी घातला, असे म्हणणे अधिक रास्त. वलयरचना फ्रॉइडेनबर्ग यांच्या गटाने १९३० नंतरच्या दशकात मांडली. मात्र आल्फात पाच व बीटात सहा एकके असावीत, हा त्यांचा अंदाज फ्रेंच व रंडल यांच्या १९४२ मधील क्ष-किरण अभ्यासाने चुकीचा ठरला. गॅमाच्या शोधाचे वर्ष कोठे १९३५, तर कोठे १९४८ दिले जाते. पहिले पदार्थ मिळाल्याचे व दुसरे त्याच्या ओळखीचे मानल्यास दोन्हींत फारसा विरोध उरत नाही.

औषध पोकळीत का टिकते, हाही वादाचा विषय. दोघांत सहसंयुजी बंध (इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीचा पक्का बंध) नसतो. पोकळीत कोंडलेल्या पाण्याच्या रेणूंना शेजारी कमी मिळतात. ते बाहेर पडल्याने ऊर्जेचा लाभ होतो, हे एक मत. व्हॅन डर वाल्स आकर्षण (जवळ आलेल्या रेणूंमधील क्षीण ओढ) प्रमुख, हे दुसरे. प्रत्यक्षात पोकळीत शिरणाऱ्या ‘पाहुण्या’ रेणूनुसार दोन्हींचा वाटा बदलत असावा. बंधन उलटे होऊ शकणारे असल्याने रक्तात विरलता येताच बरेचसे औषध आपोआप सुटे होते.

बीटाची पोकळी, अंदाजे ०.६ ते ०.६५ नॅनोमीटर व्यासाची, पुष्कळ औषधांना नेमकी बसते. पण २५° से. ला १०० मिलि. पाण्यात तो सुमारे १.८५ ग्रॅमच विरघळतो, तर आल्फा १४.५ व गॅमा २३ ग्रॅमच्या आसपास. बीटात रुंद काठावरील हायड्रॉक्सिल गट आपसांतच हायड्रोजन बंधांत गुंततात, हे याचे कारण सांगतात. शिरेतून दिल्यास बीटा मूत्रपिंडाला अपायकारक ठरतो. काही हायड्रॉक्सिलांवर हायड्रॉक्सिप्रोपिल किंवा सल्फोब्युटिल ईथर गट बसवल्यास विद्राव्यता पुष्कळ वाढते. इट्राकोनॅझोल या बुरशीरोधक औषधाच्या द्रवात पहिले, तर शिरेतून देण्याच्या व्होरिकोनॅझोल (बुरशीरोधक) व रेमडेसिव्हिर (विषाणुरोधक) यांत दुसरे रूप वापरतात.

सुगमॅडेक्स हे बदललेले गॅमा सायक्लोडेक्स्ट्रिन वाहक नसून स्वतःच औषध आहे. भूल देताना स्नायू सैलावण्यासाठी वापरलेले रोक्युरोनियम ते रक्तातच पकडते आणि रुग्णाच्या स्नायूंची ताकद लवकर परत आणते. युरोपीय संघात त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली. या संपूर्ण विषयातील हे सर्वांत सुंदर उदाहरण मानावे लागेल.

वलये आडव्या बंधांनी जोडून सच्छिद्र ‘नॅनोस्पंज’ बनवतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉल या लांब रेणूच्या साखळीवर आल्फा वलये मण्यांसारखी ओवली जातात, हे हराडा यांनी १९९० च्या सुमारास दाखवले. त्यातून हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारे मऊ जाळीदार पदार्थ) तयार होतात. सायक्लोडेक्स्ट्रिनयुक्त बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) कणांतून लघु आरएनए (ठरावीक जनुकाचे काम थांबवणारे छोटे रेणू) कर्करोगाच्या रुग्णांना देऊनही पाहिले गेले आहेत.