आरसी ट्रकमधील जाम स्क्रू आणि दुरुस्तीची हत्यारे (खानदेश)

रिमोटवर चालणारे, छंद म्हणून पळवले जाणारे छोटे ट्रक दुरुस्तीसाठी खोलताना जो स्क्रू हत्याराला दाद देत नाही, तो जाम स्क्रू. खाचेत घट्ट बसलेली माती, स्क्रू आपोआप सुटू नये म्हणून आट्यांवर लावलेला गोंद म्हणजे थ्रेडलॉकर, गंज किंवा झिजलेल्या टोकाने खाल्लेली खाच ही त्याची नेहमीची कारणे. सर्वांत जास्त स्क्रू वाया जातात ते शेवटच्या कारणाने, आणि तेवढेच कारण पूर्णपणे आपल्या हातातले आहे. नवख्याला वाटते की जोर कमी पडला. बहुतेक वेळा कमी पडलेली असते ती टोकाची बैठक. स्क्रू वाचणार की जाणार हे पहिल्याच पिळाला ठरते, म्हणून खरे काम पिळ देण्याआधीचे आहे.

माती, पाऊस आणि ऊन

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतली तापी, गिरणा, पांझरेच्या खोऱ्यांची काळी जमीन कापसाला उत्तम आणि स्क्रूला घातक. या चिकणमातीतले माँटमोरिलोनाइट जातीचे खनिज पाणी शोषून फुगते आणि सुकताना आक्रसते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या यामुळेच. पावसाळ्यात बांधावर पळवलेला ट्रक घरी आणून तसाच ठेवला की चेसिसच्या पोटाचे सगळे स्क्रू गाऱ्याने भरतात आणि एकदोन दिवसांत तो गारा खड्यासारखा कडक होतो. वरून पाहिले तर खाच मोकळी दिसते, थर असतो तो तळाशी. एम३ मापाच्या (आट्यांचा व्यास ३ मिलिमीटर) गोल डोक्याच्या स्क्रूची षट्कोनी खाच मुळात जेमतेम १ मिलिमीटर खोल. त्यातला अर्धा भाग मातीने खाल्ला तर एलन कीला धरायला काठाचा अर्धा मिलिमीटरच उरतो. पिळ दिला की कोपरे गोल होतात, आणि दोष मात्र स्क्रूला दिला जातो.

नदीच्या कोरड्या पात्रात गाडी पळवणाऱ्यांचा त्रास वेगळा. वाळू खाचेत फारशी टिकत नाही, पण आट्यांत शिरते. असा स्क्रू निघताना करकरतो. तो एका दमात ओढून काढू नये. अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत असे करत आणावा, नाहीतर नायलॉनच्या भागातले आटे वाळूबरोबर निघून येतात.

जुलै-ऑगस्टमध्ये काळ्या पोलादी स्क्रूंना गंज धरतो, कारण त्यांच्यावरचा काळा मुलामा पाण्यापुढे फार काळ टिकत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा सहज ४४-४५ अंशांवर जातो, पण तेवढ्याने थ्रेडलॉकर ढिला होत नाही; नेहमीच्या निळ्या थ्रेडलॉकरचीही पकड १५० अंशांपर्यंत टिकते.

स्क्रूची मापे

१/१० मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराच्या ट्रकमध्ये बहुतेक काम एम३ आणि एम४ स्क्रूंवर चालते. डोक्याच्या आकाराप्रमाणे खाचेचे माप बदलते, आणि घोळ होतो तो इथेच. एम३ चा उंच दंडगोल डोक्याचा स्क्रू २.५ मिलिमीटरच्या कीने खोलतो. त्याच एम३ चा गोल किंवा चपटे बसणाऱ्या डोक्याचा स्क्रू २ मिलिमीटरच्या कीने. डोके नसलेला एम३ ग्रब स्क्रू १.५ ने, एम४ चा २ ने. चाकाच्या एम४ नटाला ७ मिलिमीटरचा पाना लागतो, एम३ नटाला ५.५ चा. १/८ मापाच्या मोठ्या गाड्यांच्या चाकांना बहुधा १७ मिलिमीटरचा नट असतो.

ट्रॅक्सस ही अमेरिकी कंपनी असली तरी तिच्या गाड्यांना मिलिमीटरचीच हत्यारे लागतात. टीम असोसिएटेड आणि लोसीच्या जुन्या गाड्या मात्र इंचाच्या मापाच्या होत्या. बाजारातल्या स्वस्त संचात इंच आणि मिलिमीटरच्या किल्ल्या एकत्र येतात, म्हणून फरक लक्षात ठेवावा. ५/६४ इंच म्हणजे १.९८ मिलिमीटर; ती की २ च्या खाचेत चालून जाते. ३/३२ इंच म्हणजे २.३८ मिलिमीटर. ती २.५ च्या खाचेत अलगद बसते, हाताला बरोबर वाटते आणि जोर लावताच खाच गोल करते. अशा संचातल्या इंचाच्या किल्ल्या वेगळ्या डब्यात ठेवलेल्या बऱ्या.

प्लस खाचेच्या स्क्रूंचेही तसेच. हेन्री फिलिप्स यांच्या नावावर १९३६ मध्ये पेटंट झालेली फिलिप्स खाच आणि जपानी जेआयएस खाच दिसायला सारख्या, पण फिलिप्सचे टोक जपानी खाचेत तळापर्यंत उतरत नाही आणि पिळताना वर चढते. तामिया या जपानी कंपनीच्या किटमध्ये वर्षानुवर्षे जपानी खाचेचे स्क्रू येत आले. डोक्यावर बारीक ठिपका दिसला तर तो जेआयएस समजावा आणि त्याचाच स्क्रू ड्रायव्हर वापरावा.

स्टेनलेस स्क्रू गंजत नाहीत म्हणून अनेकजण हौसेने सगळी गाडी त्यांनीच भरतात. त्यांचे पोलाद मऊ असते. ए२-७० दर्जाच्या स्टेनलेसची ताणशक्ती ७०० मेगापास्कल, तर १२.९ दर्जाच्या काळ्या स्क्रूची १२०० च्या घरात. मऊ डोक्याची खाच लवकर जाते. जिथे स्क्रू वारंवार खोलावा लागतो तिथे काळाच बरा, मग पावसाळ्यात त्याला तेलाचा हात फिरवावा लागला तरी चालेल.

हत्यारे

पैसे मोजायचे तर १.५, २ आणि २.५ मिलिमीटरच्या तीन चांगल्या सरळ ड्रायव्हरसाठी मोजावेत; तीस तुकड्यांच्या चकचकीत पेटीपेक्षा ते जास्त कामाचे. एमआयपी, विहा, वेरा, बॉन्डहस या कंपन्यांची टोके अचूक मापाची आणि कडक असतात. ती ऑनलाइन मागवावी लागतात. जळगाव-धुळ्याच्या हार्डवेअर दुकानांत नाशिकच्या टापरियाच्या एल आकाराच्या एलन की मिळतात. रोजच्या कामाला त्या पुरतात, शिवाय लांब भुजेमुळे सरळ ड्रायव्हरपेक्षा जास्त पिळ देता येतो. एस२ पोलादाचे बदलते बिटही चांगले.

गोळ्याच्या टोकाची की तिरकी धरूनही फिरते, म्हणून अडचणीच्या जागी सोयीची. पण ती ढिला झालेला स्क्रू भराभर काढण्यासाठी आहे. पहिला पिळ तिने कधीच देऊ नये. गोळा खाचेला अगदी थोड्या जागी टेकतो आणि कडक स्क्रूवर मान मोडून आतच राहतो.

झिजलेली की टाकून द्यायची गरज नसते. टोक उजेडात धरून पाहावे: कोपरे गोल दिसले तर सहाणेच्या चाकावर दोन-तीन मिलिमीटर सरळ घासून काढावेत, मधूनमधून पाण्यात बुडवत. पोलाद निळे पडले म्हणजे त्याचा कडकपणा गेला. घासल्यावर टोक काटकोनात सपाट असले पाहिजे. तिरके टोक खाचेच्या तळाशी एका बाजूलाच टेकते.

बॅटरीवर चालणारा स्क्रू ड्रायव्हर खोलायला ठीक आहे, तोही पहिला पिळ हाताने देऊन झाल्यावर. नायलॉनमध्ये स्क्रू आवळायला तो वापरणे म्हणजे आटे घालवणे.

काढण्याची रीत

आधी बॅटरी काढून बाजूला ठेवावी, विशेषतः सोल्डरिंग लागणार असेल तर. मग खाच साफ करावी. यासाठी पोती शिवण्याच्या दाभणासारखे दुसरे हत्यार नाही. दाभणाचे टोक खाचेच्या सहाही कोपऱ्यांतून फिरवायचे, सुटलेली माती फुंकून टाकायची, आणि पुन्हा तळ खरवडायचा. दाभण धातूवर टेकल्याचा टक् असा आवाज येतो. तोपर्यंत थांबू नये. पंक्चरवाल्याकडची हवा मारली तर आणखी चांगले. टोक बसवून बोटाने हलवून पाहावे, डावी-उजवीकडे खेळ जाणवला तर माप चुकले आहे किंवा टोक झिजले आहे. टोक बरोबर बसले की ड्रायव्हरच्या मुठीवर लहान हातोडीने हलकेच एक-दोन ठोके द्यावेत. गंजलेले आटे धक्क्याने सुटतात. गाडीचा तो भाग मात्र लाकडाच्या ठोकळ्यावर टेकलेला हवा, अधांतरी नाही.

मग खाली दाब आणि थोडकाच, झटका दिल्यासारखा पिळ. हळूहळू वाढवत नेलेला जोर टोकाला खाचेतून चढवतो. पहिला पिळ आवळण्याच्या दिशेने किंचित दिला तर गंजाचा थर फुटतो, मग उलट फिरवावे. गंज असेल तर डब्लूडी-४० किंवा बाजारातले दुसरे भेदक तेल थेंबभर सोडून तासभर थांबावे. हे तेल बेअरिंगमध्ये गेले तर आतले वंगण धुऊन काढते, म्हणून नंतर बेअरिंगला तेल द्यावे. पेट्रोल किंवा थिनर पॉलिकार्बोनेटच्या बॉडीजवळ नेऊच नये, तडे जातात.

थ्रेडलॉकरवर तेलाचा उपयोग नाही, उष्णतेचा आहे. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या व्हर्नन क्रीबल यांनी १९५० च्या दशकात तयार केलेले हे रसायन उघड्यावर वाळत नाही. हवा नसलेल्या फटीत, धातूच्या संपर्कात घट्ट होते. त्यामुळे आट्यांची सगळी फट भरलेली असते आणि तेलाला शिरायला जागा उरत नाही. निळा थ्रेडलॉकर हाताच्या हत्याराने निघेल असाच बनवलेला असतो, पण एम३ च्या इवल्याशा खाचेला तोही भारी पडतो. सोल्डरिंग गनचे टोक स्क्रूच्या डोक्यात अर्धा मिनिट धरावे आणि गरम असतानाच फिरवावे. निळ्यापेक्षा घट्ट धरणाऱ्या लाल थ्रेडलॉकरला सुमारे २५० अंश लागतात. ॲल्युमिनियमचा भाग तापवला तर आणखी सोपे जाते, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि भोक सैल होते. नायलॉनच्या भागात ही रीत जपून: नायलॉन-६ २२० अंशांना वितळते. तिथे डोके पाच-सात सेकंदच तापवावे, तेवढ्याने आटे मऊ होऊन स्क्रू सुटतो.

खाच गोल झालीच, तर टॉर्क्सचे, म्हणजे चांदणीसारख्या सहा टोकांचे बिट हाती घ्यावे. २ मिलिमीटरच्या गेलेल्या खाचेत टी८, २.५ च्या खाचेत टी१० हातोडीने ठोकून बसवले की त्याची सहा टोके गोल झालेल्या भिंतीत रुततात. प्लस खाचेला दुचाकीच्या गॅरेजात मिळणारी वाल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावावी. तिचे खरखरीत कण टोकाला धरून ठेवतात. डोके वर असेल तर डायमंड किंवा कटिंग चकतीने चपट्या स्क्रू ड्रायव्हरसाठी खाच पाडता येते, किंवा लॉकिंग पक्कड लावून बाहेरून फिरवता येते.

हे सगळे फसले की ड्रिल. सर्वांत भरवशाची रीत म्हणजे डोकेच उडवणे. आधी २ मिलिमीटरचे आणि मग ३ मिलिमीटरचे ड्रिल हळू गतीने, तेल सोडत, सरळ धरून चालवावे. डोके मानेपासून सुटले की वरचा भाग उचलून काढता येतो, आणि डोक्याचा ताण गेल्यामुळे खाली उरलेले खुंट पुष्कळदा पकडीने, कधी कधी नुसत्या बोटांनी फिरते. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे भोक पाडून त्यात उलट पिळाने रुतवायचे हत्यार, एम३ साठी वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. एवढ्या बारीक मापात तो ठिसूळ असतो, आतच मोडतो, आणि त्याच्या कडक पोलादात साधे ड्रिल जात नाही.

पिनियनचा ग्रब स्क्रू

मोटारीच्या दांड्यावरचे पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक, धरून ठेवणारा ग्रब स्क्रू सर्वांत जास्त अडवतो. त्याला थ्रेडलॉकर लावावाच लागतो, डोके नसल्याने पक्कड धरत नाही, आणि खाच दात्यांजवळच्या ग्रीसने भरलेली असते. उष्णता द्यावी, पण थोडी आणि थेट स्क्रूलाच. ब्रशलेस मोटारीच्या रोटरवरचे साध्या दर्जाचे निओडिमियम चुंबक ८० अंशांपुढे ताकद गमावू लागतात. पिनियन तापले की मोटारीकडे ओले फडके धरावे. स्क्रू निघालाच नाही तर पिनियन कापून काढणे शहाणपणाचे, कारण मोटारीपेक्षा ते खूप स्वस्त असते. ग्रब स्क्रू निघाला पण पिनियन घट्ट बसले असेल तर ते ओढून काढणारा लहान पुलर लागतो. दांडा हातोडीने ठोकू नये, आतले बेअरिंग जाते.

तापवण्यासाठी गरम हवेचे यंत्र घरी नसले तरी अडत नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटमधील मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे ते असते आणि बारीक टोकांचे संचही. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, पंपाच्या मोटारी भरणाऱ्यांकडे पुलर मिळतो, पण बहुतेक वेळा आरसी मोटारीसाठी तो मोठा पडतो.

परत बसवताना

नायलॉनमध्ये स्क्रू परत बसवताना तो आधी उलटा फिरवावा. जुन्या आट्याची सुरुवात सापडली की बोटाला हलका खटका जाणवतो. तिथून पुढे आवळायला घ्यावे. असे केले नाही तर दरवेळी नवा आटा कापला जातो आणि चार-पाच खोलण्यांत भोक ढिले पडते. आटे गेलेच असतील तर थोडा लांब स्क्रू लावल्याने खालचे, न वापरलेले आटे धरतात.

थ्रेडलॉकर फक्त धातूत धातू जाणाऱ्या जागी, स्क्रूच्या टोकाकडच्या दोन-तीन आट्यांवर निळ्याचा एक थेंब. नायलॉनमध्ये त्याची गरज नसते, आणि पॉलिकार्बोनेट किंवा एबीएसला तो लागला तर तडा जातो. स्क्रू बसवल्यावर डोक्याच्या खाचेत ग्रीसचा ठिपका भरून ठेवला तर पुढच्या पावसात गारा आत बसत नाही, आणि पुढच्या वेळी दाभणाचे काम दोन मिनिटांत उरकते.