ब्लोअर थांबला की कॉइलवर बर्फ का साचतो?

बाहेरचे युनिट सुरू आहे, रिमोटवर तापमानाचा आकडा दिसतो आहे, पण खोलीत वारा येत नाही आणि काही वेळाने एसीखालच्या भिंतीवरून पाणी ओघळू लागते. झाकण उघडून पाहिले तर कॉइल, म्हणजे आतल्या युनिटमधील नळ्यांची जाळी, पांढऱ्या बर्फाने झाकलेली असते. अशा वेळी 'गॅस कमी झाला' असा निष्कर्ष फार लवकर काढला जातो आणि घरमालक गॅस भरण्याचे पैसे देऊन मोकळा होतो. दोष मात्र अनेकदा आतल्या ब्लोअरमध्ये असतो.

एसीचे काम म्हणजे खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकणे. आतल्या युनिटच्या नळ्यांत शीतक (ज्याला बोलण्यात 'गॅस' म्हणतात) उकळून त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता त्याला खोलीतल्या हवेतून मिळते. ही हवा कॉइलमधून ओढण्याचे काम लांब नळकांड्याच्या आकाराचा ब्लोअर करतो. तो थांबला की उष्णतेचा पुरवठा तुटतो, पण बाहेरच्या युनिटमधील कॉम्प्रेसर शीतकाची वाफ ओढतच राहतो. त्यामुळे नळ्यांतील दाब उतरतो, दाबाबरोबर शीतकाचा उत्कलनबिंदूही उतरतो आणि एरवी शून्याच्या काही अंश वर राहणारी कॉइल शून्याच्या खाली जाते. मग हवेतील बाष्प तिच्यावर थिजू लागते.

गोव्याच्या हवेत या बाष्पाला तोटा नाही. हवेचे तापमान ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी बाष्परूपाने असते. पणजी किंवा वास्कोसारख्या किनाऱ्यालगतच्या शहरांत पावसाळ्यात अशी हवा नेहमीचीच असते. अनेक नव्या यंत्रांत कॉइलचे तापमान मोजणारा सेन्सर कॉम्प्रेसर वेळीच बंद करतो. तो नसेल किंवा बिघडला असेल, तर बर्फ वाढत जातो आणि न उकळलेले द्रव शीतक कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचू शकते. कॉम्प्रेसर वाफ दाबण्यासाठी बनवलेला असतो, द्रव दाबण्यासाठी नव्हे. म्हणून बर्फ दिसताच 'कूल' बंद करणे, हे सर्वांत तातडीचे काम आहे. बर्फ आपोआप वितळू द्यावा. सुरीने खरवडल्यास पातळ नळीला भोक पडू शकते.

गॅस कमी असतानाही दाब उतरतो आणि बर्फ येतो, हे खरे आहे. परंतु तेव्हा ब्लोअर फिरत असतो आणि बर्फ सुरुवातीला कॉइलच्या एका भागावर, शीतक आत शिरते त्या बाजूला धरतो. वाराच नसेल तर तो बहुधा कॉइलभर पसरतो. फिल्टर धुळीने गच्च झाला असला तरी असेच घडते, त्यामुळे तो आधी पाहून घ्यावा.

बर्फ वितळल्यावर रिमोटवर 'फॅन' निवडावा. या स्थितीत कॉम्प्रेसर बंद राहतो, म्हणून ब्लोअरची परीक्षा निर्धोकपणे घेता येते. 'ड्राय'मध्ये मात्र कित्येक एसी ब्लोअर मुद्दाम मंद किंवा बंद करतात. तो बिघाड समजू नये.

यानंतर कान देऊन ऐकावे. मोटरचा हलका गुणगुणाट येतो पण ब्लोअर फिरत नाही, असे जुन्या पद्धतीच्या एसीमध्ये झाले तर पहिला संशय कपॅसिटरवर, म्हणजे मोटरला जोडलेल्या विद्युतभार साठवणाऱ्या छोट्या भागावर, घ्यावा. घरातील एकफेजी विजेतून फिरते चुंबकीय क्षेत्र आपोआप तयार होत नाही. मोटरच्या दुसऱ्या वेटोळ्यातील प्रवाह कपॅसिटर पुढे सरकवतो, तेव्हा ते तयार होते. कपॅसिटरमधील प्लास्टिकच्या पडद्यावर धातूचा अतिशय पातळ थर असतो. विद्युतदाबाच्या उसळीने पडदा एखाद्या ठिकाणी फुटला की तेवढ्या जागेचा धातू उडून जातो आणि कपॅसिटर पुन्हा काम करू लागतो, पण त्याची क्षमता कणाकणाने घटते. त्यातच विद्युतदाब २३० ऐवजी १८० व्होल्टवर आला, तर मोटरचा सुरुवातीचा जोर सुमारे ६० टक्केच उरतो, कारण तो विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. बदली कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा (क्षमतेचे एकक) हवा. त्याचे व्होल्टचे मानांकन कमी असता कामा नये.

एमसीबी (एसीच्या वीजजोडणीचा सुरक्षा-स्विच) बंद करून ब्लोअर बोटाने हळूच फिरवून पाहावा. तो जड लागला किंवा घासला, तर टोकाचा बुश (ज्यात ब्लोअरचे टोक फिरते ती कडी) झिजलेला असतो किंवा पात्यांत मळ आणि बुरशी साचलेली असते. याउलट ब्लोअर काही सेकंद नीट फिरून थांबत असेल, तर मोटर किती वेगाने फिरते याची खबर पीसीबीला, म्हणजे एसी नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्टीला, मिळत नसावी. ही खबर मोटरमधील हॉल सेन्सर, म्हणजे फिरणारे चुंबक ओळखणारा सेन्सर, देतो. ती न आल्यास पीसीबी मोटर अडकली असे मानून वीज तोडतो आणि एरर कोड दाखवतो.

मोटरचा आवाजच नसेल, तर वेटोळे, जोडणी किंवा पीसीबी तपासावा लागतो. किनाऱ्याजवळ मिठाचा संशय मी आवर्जून घेईन. हवेतील मिठाचे कण आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की पाणी शोषून स्वतःच विरघळतात. पीसीबीवर आणि जोडपिनांवर बसलेले असे कण वीजवाहक ओला थर तयार करतात आणि तांबे हिरवे पडू लागते. पावसाळाभर एसी बंद ठेवणाऱ्या घरांत हा थर सुकायला वावच मिळत नाही.

या टप्प्यावर काम मेकॅनिकवर सोपवावे. इन्व्हर्टर एसीच्या पीसीबीवर ३०० व्होल्टच्या आसपास एकदिश (डीसी) विद्युतदाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो काही मिनिटे टिकतो. शिवाय वीज चालू असताना मोटरची जोडपिन उपसली, तर मोटर आणि पीसीबी दोन्ही जळू शकतात. मेकॅनिकला बोलावताना 'एसी गार करत नाही' एवढेच न सांगता बर्फ आला तेव्हा ब्लोअर फिरत होता की नाही, गुणगुणाट होता का आणि कोणता एरर कोड दिसला, हे सांगावे. ब्लोअर बंद होता हे कळल्यावरही मेकॅनिक थेट गॅस भरायला लागला, तर आधी मोटर आणि कपॅसिटर तपासण्याचा आग्रह धरावा.