पोलंडची पदकं आणि पोलंडची शाब्ला: नातं जोडण्याआधी थोडं थांबा

पोलिश तलवारबाजीचा विषय निघाला की येझी पाव्वोव्स्कीचं नाव येतंच. १९६८ साली मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्याने सेबर या तलवारबाजीच्या प्रकारातलं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, हे खरं. पण पाठोपाठ जी पुस्ती जोडली जाते ती साफ चूक: 'जिंकणारच, पंखवाल्या हुसार घोडेस्वारांची परंपरा आहे ना त्यांच्या रक्तात!' हुसार म्हणजे पोलंडचं जुनं घोडदळ, आणि शाब्ला म्हणजे पोलिश सरदारांची वक्र तलवार.

रक्ताबिक्ताचं काही नाही. इटालो सांतेल्ली हा इटालियन उस्ताद १८९६ मध्ये बुडापेस्टला गेला आणि तिथे आधुनिक सेबरची हंगेरियन पद्धत घडली. दुसऱ्या महायुद्धानंतर यानोश केवेइ या हंगेरियन प्रशिक्षकाने ती पोलंडमध्ये रुजवली. पाव्वोव्स्की त्याच्याच हाताखाली तयार झाला. १९५९ ते १९६३ या काळात पोलंडच्या सेबर संघाने चार जागतिक विजेतेपदं मिळवली, त्यांचं श्रेयही याच शिकवणीला जातं.

खेळातलं सेबर भवानी देवीमुळे आपल्याकडे आता बहुतेकांना ठाऊक आहे, त्यामुळे लांबण लावत नाही. जास्तीत जास्त अर्धा किलो वजन, कंबरेच्या वर स्पर्श झाला, की दिवा लागतो. सरदारांची शाब्ला वजनाने साधारण दुप्पट, वक्र आणि धारदार. हे फरक डोळ्यांना दिसतात. गरुडाच्या डोक्याची मूठ असलेली काराबेला हा शाब्लाचा फक्त एक प्रकार; फोटो तिचेच जास्त फिरतात, एवढंच.

माणसं अडखळतात ती दुसरीकडे. खेळ गुरूकडून शिष्याकडे आला, त्यात खंड पडला नाही. शाब्लाची विद्या मात्र तुटली आणि आज जे शिकवलं जातं ते तुकडे जुळवून उभं केलेलं आहे. 'चारशे वर्षांची अखंड परंपरा' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर सरळ विचारावं, ग्रंथ कुठला? सतराव्या शतकातलं शाब्ला शिकवणारं एकही पोलिश पुस्तक आज हाती नाही.

मग आहे काय? यान पासेक या सतराव्या शतकातल्या सरदाराच्या आठवणी आहेत. त्यात द्वंद्वं आहेत, पण भांडण कशावरून पेटलं आणि कोण कुठे कापलं गेलं हे कळतं. पाय कुठे टाकला हे नाही. अठराव्या शतकात येंजेय कितोविचने पाल्त्साती या काठ्यांच्या खेळाचं वर्णन केलंय. जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाच्या शाळांतली पोरं आपल्या फरीगदग्यासारखी काठ्यांनी खेळत आणि त्यातून शाब्लाचा हात बसत असे. १७७३ मध्ये जेझुइट संघच बरखास्त झाला. १७७२ ते १७९५ या काळात शेजाऱ्यांनी तीन घासांत देशही गिळला. शिकवण्याची जागा गेली आणि सरदारांचं राज्यही गेलं. एकोणिसाव्या शतकात मिखाउ स्ताझेव्स्कीने लिहिलं खरं, पण ते हुसारांच्या काळानंतर बऱ्याच उशिराचं. उरलेल्या जागा परकी पुस्तकांवरून भरल्या जातात, उदाहरणार्थ योआखिम मायर या जर्मन उस्तादाच्या १५७० च्या ग्रंथातला डुसाक या आखूड, वक्र सराव-शस्त्राचा भाग.

माझ्या मते सगळ्यांत भरवशाचा साक्षीदार म्हणजे खुद्द हत्यार. हुसार शाब्लाच्या मुठीला आडव्या दांड्यापाशी एक छोटं कडं असतं. त्यात अंगठा अडकला की पकड सरकत नाही. वार हुकला तरी जड पातं कोपर आणि मनगटाच्या जोरावर लगेच उलट बाजूने फिरवता येतं. उजवीकडून एक, डावीकडून एक, समोर फुलीच्या आकाराची भिंत. पुनरुज्जीवनवाले 'क्रॉसची कला' म्हणतात ती हीच. मात्र पायांबद्दल हे कडं अवाक्षर काढत नाही; तिथे अंदाज आहे आणि तो अंदाज म्हणूनच सांगायला हवा.

वोइचेख झाब्वोत्स्की या ऑलिंपिक सेबरपटूची म्हणूनच मला कदर वाटते. पेशाने वास्तुविशारद. खेळातली पदकं खिशात असूनही त्याने त्यांवरून जुनी विद्या सिद्ध करायचा प्रयत्न केला नाही. खऱ्या शाब्ला हातात घेऊन वार करून पाहिले, मोजमाप केलं आणि १९८९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं.

आता माझी जुनी चीड. खेळ शिकलेला माणूस शाब्ला हातात घेऊन तोच लांब झेपेचा झटका मारतो आणि वर त्याला 'ऐतिहासिक' म्हणतो. खेळात दोघांचे स्पर्श एकदम झाले तर हल्ल्याचा अधिकार कुणाचा हे पंच ठरवतो; गुण फार तर एकालाच. शाब्लामध्ये दोन्ही वार लागले तर दोघंही कापले गेले, पंच कुणाचं रक्त थांबवणार? म्हणून तिथे वार झाल्यावर पात्याच्या आडोशाने बाहेर पडावंच लागतं. एखाद्या क्लबचा व्हिडिओ बघताना पहिला वार सोडून द्या, त्याच्या पुढचं पाऊल बघा. वार लागताच हात खाली सोडून पंचाकडे वळणारा माणूस ऑलिंपिकचं सेबरच खेळतोय, हातात शाब्ला असली तरी.